डॉ. विष्णू माधव घाटगे : आधी समजून घेणारे, मग बदलणारे विमानकर्ते



आमच्या नशिराबादला तास चालू असताना डोक्यावरून छोटी विमानं जातात. जळगावचं विमानतळ आमच्या शेजारीच आहे आणि तिथे वैमानिक होऊ पाहणारी मुलं-मुली उडायला शिकतात. एकच विमान पुन्हा पुन्हा घिरट्या घालतं, खाली उतरतं आणि परत वर चढतं. वर्गातल्या पोरांची मान खिडकीकडे वळते, आणि आपण मात्र त्यांना फळ्याकडे बघा म्हणून दटावतो. खरं सांगायचं तर माझीही मान वळते!

आजचा पाठ त्या छोट्या विमानांमुळेच सुचला. पण त्याला आणखी एक कारण आहे, ते आधी सांगतो, कारण त्यात चूक माझी होती.

आमच्या आठवीतल्या एका मुलाने विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोलचं विमान केलं होतं. आराखडा त्याने मोबाईलवरून घेतलेला. पंखांची लांबी मात्र त्याने स्वतःच्या मनाने वाढवली होती आणि जुन्या खेळण्यातली जरा मोठी मोटर पुढे बसवली होती. मैदानावर सोडल्याबरोबर विमान नाकावर आपटलं. मी त्याला म्हणालो की एक तर ही नक्कल आहे, आणि नक्कलही तुला धड जमली नाही. गुणही कमी दिले. त्यानंतर त्या पोराने वर्षभर काही करून आणलं नाही.

पुढे सुट्टीत डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्याविषयी पाठ तयार करायला बसलो, आणि या माणसाचं काम जसं जसं समजत गेलं तसा मी अस्वस्थ होत गेलो. कारण मी ज्याला नक्कल म्हणून मोडीत काढलं होतं, तिथूनच विमान बांधणाऱ्याचं शिक्षण सुरू होतं. कसं, ते आता बघू या.

जन्म आणि शिक्षण

विष्णू माधव घाटगे यांचा जन्म १९०८ सालचा, आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज भागातला. राईट बंधूंचं विमान अमेरिकेत पहिल्यांदा उडालं ते १७ डिसेंबर १९०३ रोजी. म्हणजे घाटगे जन्मले तेव्हा विमान ही वस्तूच जेमतेम पाच वर्षांची होती. आपल्याकडच्या खेड्यांत तेव्हा मोटारगाडी दिसली तरी माणसं गोळा होत. अशा भागातल्या मुलाने विमानाचं शास्त्र शिकावं, हे कुणाच्या स्वप्नातही नसेल.

विज्ञानाचं पदवीपर्यंतचं आणि पुढचं शिक्षण त्यांनी महाराष्ट्रातच घेतलं. मग १९३३ च्या सुमारास ते जर्मनीला गेले. त्या काळात आपल्याकडची हुशार मुलं शिकायला बहुतेक इंग्लंडला जात. घाटगे गेले ते गॉटिंगन या गावी, आणि त्यामागे कारण होतं. तिथे लुडविग प्रांटल नावाचे प्राध्यापक शिकवत होते. आधुनिक वायुगतिशास्त्राचे, म्हणजे वाहत्या हवेच्या शास्त्राचे, ते जनक मानले जातात.

काळ मात्र कठीण होता. १९३३ मध्येच हिटलर सत्तेवर आला होता. गॉटिंगनचे मॅक्स बॉर्न, रिचर्ड कुरांट, एमी नोएथर यांच्यासारखे थोर गणिती आणि शास्त्रज्ञ ज्यू असल्यामुळे विद्यापीठातून काढले जात होते. अशा गावात परक्या देशाचा एक तरुण तीन वर्षं अभ्यास करत राहिला. १९३६ मध्ये प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

प्रांटल यांनी काय शिकवलं?

हे मुलांना सांगायला अगदी सोपं आहे. वर्गातला पंखा बंद करा आणि त्याचं पातं बघा. पात्यावर धुळीचा थर बसलेला असतो. आता विचारा, की पंखा दिवसभर एवढ्या जोरात फिरतो, तर ही धूळ उडून का जात नाही?

कारण पात्याला अगदी चिकटून हवेचा एक पातळ थर असतो आणि तो पात्याबरोबरच फिरतो. धुळीचे बारीक कण त्या थरात दडलेले असतात. त्यांना वारा जवळजवळ लागतच नाही. या थराला सीमास्तर म्हणतात. प्रांटल यांनी ही कल्पना १९०४ मध्ये मांडली, आणि विमानाच्या पंखाचं कोडं सुटू लागलं. हवा पंखाला चिकटून वळसा घेत गेली तर पंख विमानाला उचलतो. पंख फारच तिरका धरला तर ही हवा पंखापासून सुटते, आणि विमान वजनासकट खाली बसू लागतं. उडायला शिकणाऱ्याला सगळ्यात आधी कळायला हवी ती हीच गोष्ट. विमान बांधणाऱ्याला तर हवीच हवी.

घाटगे जर्मनीहून काय घेऊन आले, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. तयार विमानाचा नकाशा त्यांनी आणला नाही. विमान का उडतं आणि का पडतं, याचं गणित त्यांनी आणलं.

बंगळूरचा कारखाना

परत आल्यावर काही काळ त्यांनी कॉलेजात शिकवलं. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं. आपल्या सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. आज आपण जिला एचएएल म्हणतो ती हीच. घाटगे अगदी सुरुवातीलाच तिथे दाखल झाले.

सुरुवातीचं काम होतं सुटे भाग जोडण्याचं. अमेरिकेतून हार्लो नावाच्या छोट्या प्रशिक्षण विमानाचे भाग आले आणि १९४१ मध्ये ते जोडून उडवलं गेलं. पुढच्या वर्षी कर्टिस हॉक हे लढाऊ विमान जोडलं गेलं. याच दिवसांत घाटगे यांच्या आराखड्यावरून दहा माणसं बसतील असं एक ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, तयार झालं. त्याचं नाव जी-१. एकच नग बनला, पण तो इथे आखलेला आणि इथेच बांधलेला होता.

पुढे युद्धाच्या धामधुमीत कारखान्याचं मुख्य काम दुरुस्तीचं झालं. जपानशी लढणाऱ्या अमेरिकी सैन्याची विमानं तिथे उघडली, दुरुस्त केली आणि परत जोडली जात. नवं विमान आखायला तेव्हा फारसा वाव उरला नाही. पण माझ्या मते शिकायला ते दिवस सोन्याचे असणार. शेकडो विमानांचं पोट उघडून बघायला मिळालं की कुठल्या देशाचा माणूस कुठला भाग कसा बसवतो, कुठे पत्रा जाड ठेवतो, कुठे रिव्हेट कमी मारतो, हे डोळ्याखालून जातं. गॅरेजमध्ये हाताखाली राहिलेलं पोर गाडी ओळखतं, तसंच हे.

घाटगे मुळातले शिक्षकच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ च्या अखेरीस विमान अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. तो विभाग उभा करणाऱ्यांत आणि तिथे पहिल्यांदा शिकवणाऱ्यांत घाटगे होते. विमानं बांधायची तर आधी ती बांधणारी माणसं तयार करावी लागतील, हे त्यांना ठाऊक होतं. देश स्वतंत्र झाल्यावर ते पुन्हा कारखान्यात आले आणि विमानांच्या आरेखनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

पहिलं भारतीय विमान : एचटी-२

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपले वैमानिक टायगर मॉथ या जुन्या ब्रिटिश विमानावर उडायला शिकत. एकावर एक असे दोन पंख आणि अंगावर कापड. ते थकलं होतं. त्याच्या जागी आपलं स्वतःचं प्रशिक्षण विमान हवं होतं. ते काम घाटगे आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी हाती घेतलं.

विमानाचं नाव ठेवलं एचटी-२. पूर्ण धातूचं, खाली एकच पंख, आणि एकामागे एक अशा दोन जागा, एक शिकणाऱ्याची आणि एक शिकवणाऱ्याची. प्रशिक्षणाचं विमान आखणं हे वाटतं तेवढं सोपं काम नाही बरं का! ते फार लाडावणारं असून चालत नाही, कारण मग शिकणारा चुका करायलाच शिकत नाही. फार खट्याळ असूनही चालत नाही, कारण पहिल्याच चुकीला जीव जाईल. मुद्दाम गिरकी खायला लावली तर त्याने गिरकी खाल्ली पाहिजे, आणि शिकवल्याप्रमाणे कळ हलवली की मुकाट्याने बाहेरही आलं पाहिजे. चांगल्या शिक्षकाचे गुणच की हे!

५ ऑगस्ट १९५१ रोजी एचटी-२ पहिल्यांदा आकाशात गेलं. चालवत होते कॅप्टन जमशेद मुन्शी. भारतात आखलेलं आणि भारतात बांधलेलं इंजिनाचं विमान भारताच्या आकाशात उडालं, तो हा दिवस. आपल्या मुलांच्या सामान्यज्ञानाच्या वहीत ही तारीख क्वचितच दिसते. ती आजच लिहून घ्यायला सांगा.

आता यातली महत्त्वाची गोष्ट बघा. पहिल्या नमुन्यात ब्रिटिश जिप्सी मेजर इंजिन होतं. काही महिन्यांत, फेब्रुवारी १९५२ मध्ये, दुसरा नमुना उडाला, आणि त्यात सिरस मेजर हे १५५ अश्वशक्तीचं दुसरं इंजिन होतं. वाचायला किती सोपं वाटतं, इंजिन बदललं! पण विमानात इंजिन बदलणं म्हणजे बैलगाडीचा बैल बदलणं नव्हे. इंजिनाचं वजन बदललं की विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे तोल राखणारा बिंदू, पुढे-मागे सरकतो. तो पुढे गेला तर नाक जड होतं. मागे गेला तर त्याहून वाईट, कारण विमान सरळ राहायलाच तयार होत नाही. इंजिनाची बैठक, ते थंड ठेवणारी हवा, पुढचा पंखा, शेपटीला पडणारं काम, हे सगळं पुन्हा मोजावं लागतं आणि पुन्हा उडवून बघावं लागतं.

एचटी-२ ची एकूण पावणेदोनशेच्या जवळपास विमानं बनली. हवाई दलाच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. आफ्रिकेतल्या घाना देशाचं हवाई दल १९५९ मध्ये उभं राहत होतं, तेव्हा त्यांनाही ही विमानं दिली गेली. पुढे अनेक वर्षांनी काही एचटी-२ विमानांना लायकोमिंग हे वेगळं इंजिन बसवून त्यांचं आयुष्य वाढवलं गेलं. मूळ रचना समजूनउमजून केलेली असली की तिच्यात पुढच्या माणसालाही बदल करता येतो.

पुष्पक : घेतलेलं आणि आपलं केलेलं

आता माझ्या त्या आठवीच्या मुलाकडे येतो.

पन्नाशीच्या दशकात देशातल्या फ्लाइंग क्लबांना, म्हणजे हौशी आणि नव्या वैमानिकांना उडायला शिकवणाऱ्या संस्थांना, स्वस्त आणि हलकं विमान हवं होतं. पेट्रोल कमी लागेल, दुरुस्ती छोट्या कार्यशाळेतही होईल, आणि बिघडलं तर परदेशातून भाग येईपर्यंत सहा महिने पडून राहणार नाही, असं.

अमेरिकेत एरॉन्का नावाच्या कंपनीचं चीफ हे छोटं विमान होतं. दोघं शेजारी-शेजारी बसतात, पंख वर, पंखाला खालून तिरका आधार, सांगाडा पोलादी नळ्यांचा आणि वर कापड. अशा मांडणीची विमानं जगभर हौशी लोकांना आवडतात. आजही कित्येक जण घरच्या शेडमध्ये साधारण याच पद्धतीचं विमान बांधतात. नळ्या जोडायच्या, कापड ताणून बसवायचं, आणि कापड टणक व्हावं म्हणून वरून लेप द्यायचा. तबल्याची शाई नव्हे, पण ताणलेल्या चामड्याचा सूर जसा बोटाने वाजवून बघतात, तसं हे कापडही वाजवून बघावं लागतं.

घाटगे यांच्या काळात एचएएलने चीफच्या मांडणीवर बेतलेलं विमान बनवलं. चीफचं मूळ इंजिन ६५ अश्वशक्तीचं होतं, यात ९० अश्वशक्तीचं आलं. आपल्याकडच्या उन्हाचा विचार करा. गरम हवा विरळ असते. विरळ हवेत पंख कमी उचलतो आणि इंजिनही कमी ताकद देतं. मे महिन्यात आमच्या खानदेशात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा तेच विमान जमीन सोडायला जास्त लांब धावतं. थंड देशात जे इंजिन पुरेसं, ते इथे दमतं. म्हणून जादा अश्वशक्तीचा इथे खरा उपयोग.

हे विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी पहिल्यांदा उडालं. नाव ठेवलं पुष्पक. रामायणातलं पुष्पक प्रत्येक पोराला माहीत असतं. हे पुष्पक मात्र देशातल्या फ्लाइंग क्लबांत पोचलं. दीडशेच्या आसपास विमानं बनली, आणि कितीतरी भारतीय वैमानिकांनी आयुष्यातलं पहिलं उड्डाण पुष्पकमधूनच केलं.

हे वाचताना मी थांबलो. मांडणी दुसऱ्याची होती. मग हीसुद्धा नक्कल म्हणायची का? ज्या माणसाने सात वर्षांपूर्वी एचटी-२ पूर्णपणे स्वतः आखून दाखवलं होतं, त्याच्या कारखान्याला दुसऱ्याची मांडणी घ्यायला लाज वाटली नाही. तेव्हा गरज स्वस्त आणि भरवशाच्या विमानाची होती. जे आधीच चांगलं जमलेलं आहे ते घ्या, समजून घ्या, आपल्या हवेला आणि आपल्या खिशाला बसेल असं बदला, आणि बदल कागदावर मोजा. आमच्या आठवीच्या पोरानेही पहिल्या तीन गोष्टी केल्या होत्या. त्याची चौथी राहिली होती. आणि ती शिकवायला मी होतो की!

कृषक : एक बदल केला की दहा कामं

घेतलेल्या मांडणीतून पुढे काय होतं, हे कृषक या विमानाने दाखवलं. पुष्पकमध्ये दोघं बसत. त्याच धर्तीवर चौघांचं विमान करावं, असं ठरलं. मुलांना विचारलं तर ती म्हणतील, मागे दोन खुर्च्या टाका, झालं!

पण वस्तू मोठी होते तेव्हा सगळं एकाच हिशोबाने वाढत नाही. लांबी दुप्पट केली तर पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन मात्र आठपट. चौरस आणि घन शिकवताना आपण हे फळ्यावर लिहितो, पण त्याचा उपयोग सांगत नाही. विमान वाढवायचं म्हटलं की वजन पंखाच्या पुढे पळतं. म्हणून ताकद वाढवावी लागते. ताकद वाढली की इंजिन जड होतं, सांगाडा मजबूत करावा लागतो, आणि तो मजबूत केला की वजन पुन्हा वाढतं. कृषकला शेवटी २२५ अश्वशक्तीचं इंजिन लागलं. माणसं दुप्पट झाली, पण अश्वशक्ती अडीचपट!

कृषकचा पहिला नमुना १९५९ मध्ये उडाला आणि दुसरा १९६० मध्ये. पण लगेच मागणी आली नाही आणि काम थांबलं. पुढे लष्कराला तोफखान्याच्या निरीक्षणासाठी, म्हणजे गोळा कुठे पडतोय हे वरून बघण्यासाठी, हलकं विमान हवं होतं. तेव्हा कृषकमध्ये त्या कामासाठी बदल केले गेले, आणि १९६५ पासून ती लष्कराकडे गेली. शेतकऱ्याचं नाव असलेलं विमान सैन्यात भरती झालं. केलेलं काम वाया गेलं असं वाटतं, आणि काही वर्षांनी तेच उपयोगी पडतं. विज्ञान प्रदर्शनात हरलेल्या मुलांना हे आवर्जून सांगावं.

मारुत आणि किरण

१९५६ मध्ये जर्मन विमानकर्ते कुर्ट टांक बंगळूरला आले आणि मारुत या लढाऊ जेट विमानाचं काम सुरू झालं. घाटगे आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेली भारतीय माणसं त्या कामात होती. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. खरं जेट बनवण्याआधी त्याच मापाचं लाकडी ग्लायडर बनवलं गेलं. १९५९ मध्ये ते दुसऱ्या विमानाला दोरीने बांधून वर नेलं आणि सोडून बघितलं. पंखाचा आकार बरोबर आहे की नाही, हे आधी लाकडात तपासलं. १७ जून १९६१ रोजी खरं मारुत उडालं. विमान देखणं होतं आणि चालायलाही चांगलं. पण ज्या ताकदवान इंजिनाच्या भरवशावर ते आखलं होतं ते मिळालंच नाही, आणि कमी ताकदीच्या इंजिनावर भागवावं लागलं. म्हणून मारुतला अपेक्षित वेग कधी गाठता आला नाही. विमानाचा आकार आपण आखला, पण इंजिन दुसऱ्याच्या हातात राहिलं. हे दुखणं मुलांपासून लपवू नये.

त्याच सुमारास घाटगे यांच्या नेतृत्वाखाली किरण या जेट प्रशिक्षण विमानाची रचना झाली. ४ सप्टेंबर १९६४ रोजी ते उडालं. एचटी-२ वर बाराखडी शिकलेला वैमानिक पुढे किरणवर शब्द शिकायचा, असं म्हणा ना. हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकाच्या कसरती तुमच्यापैकी अनेकांनी टीव्हीवर बघितल्या असतील. १९९६ मध्ये ते पथक सुरू झालं ते याच किरण विमानांवर, म्हणजे विमान आखलं गेल्यावर तीस वर्षांनीसुद्धा.

१९६५ मध्ये भारत सरकारने घाटगे यांना पद्मश्री दिली. १९९१ मध्ये त्यांचं निधन झालं. बंगळूरला एचएएलच्या आवारात त्यांच्या नावाचं सभागृह आहे. विमानशास्त्रातल्या माणसांमध्ये आजही त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. आपल्या शाळांमध्ये मात्र ते नाव कुणी घेत नाही. हे बदलायला एक तास पुरे!

वर्गात हे करून बघा

१. प्रत्येक मुलाला एकाच मापाच्या कागदाचं एकसारखं विमान करायला सांगा. म्हणजे सगळ्यांची नक्कलच. मुद्दाम.

२. आता प्रत्येकाने फक्त एकच बदल करायचा. नाकाला एक जेम क्लिप लावायची, किंवा तीच क्लिप मागे लावायची, किंवा पंखाची मागची कड किंचित वर वळवायची. दोन बदल एकदम करायचे नाहीत.

३. उडवण्याआधी काय होईल ते वहीत लिहायचं. मगच उडवायचं आणि पावलांनी अंतर मोजायचं.

४. अंदाज चुकला तर खोडायचा नाही. त्याच्याखाली कारण लिहायचं.

गुण कशाला द्यायचे? लांब गेलेल्या विमानाला नकोत. ज्याने कारण लिहिलं त्याला द्या. मग ते विमान नाकावर आपटलेलं का असेना.

शेवटी

आपल्या शेजारच्या धुळ्याची गोष्ट अनेकांना माहीत असेल. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, आणि त्याच्या उड्डाणाची चाचणी २०२० मध्ये धुळ्याच्या विमानतळावर झाली. म्हणजे घरी विमान बांधणारा माणूस आपल्याच खानदेशात येऊन उडतो, आणि आपण पोरांना खिडकीबाहेर बघू देत नाही!

शाळा सुरू झाल्यावर मी त्या मुलाला बोलावलं. तो आता नववीत गेला होता. तेव्हा माझं चुकलं होतं, हे त्याला वर्गासमोरच सांगितलं, कारण नक्कल म्हणालो होतो तेही वर्गासमोरच. मग विचारलं, की मोठी मोटर लावल्यावर तोल कुठे सरकला असेल? तो बराच वेळ गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी तेच विमान चिकटपट्ट्या लावून घेऊन आला. बॅटरी त्याने मागे सरकवली होती, आणि किती बोटं सरकवली ते पंखावर पेनाने लिहिलंही होतं. विमान मैदानावरून डुलत गेलं आणि कुंपणाच्या तारेला अडकलं. आम्ही दोघांनी पावलं मोजली. एकतीस भरली.

दिलेले गुण आता बदलता येत नाहीत. पण ते विमान सध्या आमच्या विज्ञानाच्या कपाटावर ठेवलेलं आहे, आणि त्याशेजारी घाटगे यांच्याविषयीची ही माहिती चिकटवली आहे. तुमच्याही वर्गात असं एखादं आपटलेलं विमान असेल, तर ते फेकू नका. आधी विचारा, बाळा, तू यात काय बदललंस?